लिहून घ्या

रविवार, १६ जुलै १९५०. रिओ दि जानेरोतल्या ‘ओ मुंदो’ या वर्तमानपत्राने त्या दिवशी ब्राझीलच्या फुटबॉल संघाचा फोटो छापला आणि खाली ओळ टाकली : हे आहेत जगज्जेते. सामना अजून व्हायचा होता. माराकानाच्या नव्याकोऱ्या स्टेडियमवर दुपारी ब्राझील आणि उरुग्वे समोरासमोर येणार होते, आणि त्याआधीच हा अंक शहरात विकला जात होता. उरुग्वेचा कप्तान ओब्दुलिओ व्हारेला याच्या हाती तो पडला. त्याने ते अंक हॉटेलच्या न्हाणीघरात फरशीवर पसरले आणि आपल्या खेळाडूंना त्यांवर लघवी करायला सांगितलं, असं म्हणतात. पुढचं फुटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उरुग्वे २, ब्राझील १.

ही गोष्ट सांगताना सगळे व्हारेलाच्या बाजूने उभे राहतात. मला मात्र फोटोखाली ती ओळ लिहिणारा माणूस सोडत नाही. त्याचं नक्की काय चुकलं? ब्राझीलला निवडणं तर चूक नव्हतंच. अखेरच्या चार संघांच्या साखळीत ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं हरवलं होतं. उरुग्वेची त्याच स्पेनशी २-२ अशी बरोबरी झाली होती आणि त्याच स्वीडनवर तो ३-२ असा कसाबसा सुटला होता. घरचं मैदान, पावणेदोन लाखांवर माणसं, आणि ब्राझीलला नुसती बरोबरीही पुरणार होती. त्या सकाळी जगातल्या कुठल्याही जाणत्या माणसाने कागद-पेन्सिल घेतली असती, तर त्याचं बोट ब्राझीलवरच पडलं असतं. आजचा संगणकही तेच म्हणेल.

पण किती टक्के? ब्राझीलकडून सामन्यात सरासरी २ गोलांची आणि उरुग्वेकडून १ गोलाची अपेक्षा धरली, म्हणजे ब्राझीलला दुप्पट भारी मानलं, तरी उरुग्वे जिंकण्याची शक्यता साधारण १८ टक्के निघते. फासा टाकावा आणि सहा पडावेत, त्यापेक्षा किंचित जास्त. सापशिडी खेळणाऱ्या पोरालाही माहीत असतं की सहा पडतात, आणि नको तेव्हाच पडतात. पुरावाही अगदी ताजा होता. दोनच महिन्यांपूर्वी, मे १९५० मध्ये, हेच दोन संघ रिओ ब्रांको चषकासाठी तीनदा भिडले होते. ब्राझीलने दोन सामने जिंकले, ३-२ आणि १-० असे. पहिला मात्र उरुग्वेने ४-३ असा नेला होता. तीनातला एक! तो निकाल रिओतल्या प्रत्येक वार्ताहराने बघितला होता, आणि ७-१, ६-१ च्या जल्लोषात तो सगळ्यांच्या मनातून पुसला गेला.

‘हे आहेत’ च्या जागी ‘हे बहुतेक होतील’ असं छापलं असतं, तर आज तो अंक कुणाला आठवलाही नसता.

आपल्याकडे चहाच्या गाड्यावर हीच ओळ वेगळ्या शब्दांत ऐकू येते : ‘लिहून घे माझ्याकडून.’ कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांची फायनल असो की टीव्हीवर अर्जेंटिना-फ्रान्स असो, सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पेठेतल्या कट्ट्यावर छातीठोकपणाला भरती येते. ज्याने वर्षानुवर्षं स्टेडियमच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून तालमींचे सामने पाहिलेत, त्याला बाजू बदलून खेळणारा विंगर म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. डावा बचावपटू वर गेला की मागे भगदाड पडतं, हे त्याच्या नजरेत मुरलेलं असतं. पोर्तुगाल खेळत असेल तर गोव्यात मध्यरात्रीनंतरही घरोघरी दिवे जळतात, आणि त्या उजेडात अंदाजापेक्षा जिव्हाळा जास्त असतो. ही माणसं अडाणी नाहीत. त्यांना खेळ कळतो. तरीही फायनलचा अंदाज सांगायची वेळ आली की कळणारा भाग बाजूला पडतो आणि हवा असलेला निकाल तोंडातून बाहेर येतो. यात मला कधीच कमीपणा वाटला नाही. वाईट एवढ्याचंच वाटतं की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ओळखण्याची साधी सवय असती, तर खेळ आणखी खोलवर दिसला असता.

ती सवय लावायची तर आधी गणित एकदा हाताने करून बघावं. दोन्ही संघांनी गेल्या दहा-बारा महत्त्वाच्या सामन्यांत किती गोल केले, किती खाल्ले, हे मांडा. मैत्रीपूर्ण सामने वेगळे काढा, कारण त्यांत उत्तरार्धात निम्मा संघ बदललेला असतो. समोरचा संघ किती भारी होता हेही बघा. दुबळ्या संघावरचे पाच गोल आणि बलाढ्य संघावरचा एक गोल एकाच तराजूत घालू नका. समजा त्यातून एका संघाकडून १.३ आणि दुसऱ्याकडून १.० गोलांची अपेक्षा निघाली. फायनलसाठी हे आकडे वास्तवाला धरून आहेत, कारण तिथे दोघेही हात राखून खेळतात. आता प्वासाँच्या सूत्राने, म्हणजे सरासरीवरून शून्य, एक, दोन अशा एकेका संख्येची शक्यता देणाऱ्या गणिती सूत्राने, प्रत्येक गोलसंख्येची शक्यता काढायची. पहिला संघ शून्यावर राहण्याची शक्यता २७ टक्के, एक गोल करण्याची ३५, दोन गोलांची २३, तीन गोलांची १०. दुसरा संघ शून्यावर राहण्याची शक्यता ३७ टक्के, एक गोलाचीही ३७, दोन गोलांची १८, तीन गोलांची ६. मग या आकड्यांचा जोडीजोडीने गुणाकार करून बेरीज घ्यायची. नव्वद मिनिटांत पहिला संघ जिंकेल ४३ टक्के, दुसरा २९ टक्के, आणि बरोबरी २८ टक्के.

या गणितातलं सगळ्यांत मोलाचं उत्तर वेगळंच आहे. सर्वाधिक संभाव्य स्कोअर दोन निघतात, १-० आणि १-१, आणि दोघांची शक्यता प्रत्येकी फक्त १३ टक्के. म्हणजे जगातला सर्वांत हुशार माणूस नेमका स्कोअर सांगायला बसला, तर शंभरातल्या ८७ वेळा तो चुकणारच. नेमका स्कोअर बरोबर आला म्हणून कुणाला ज्ञानी ठरवू नये आणि चुकला म्हणून कुणाचं माप काढू नये. ‘कोण जिंकेल’ आणि ‘किती किती होईल’ हे दोन अगदी निराळे प्रश्न आहेत, आणि कट्ट्यावर ते एका दमात विचारले जातात.

फायनलमध्ये आणखी एक पायरी असते आणि ती बहुतेक जण गाळतात. बरोबरीच्या त्या २८ टक्क्यांचं पुढे काय? जादा वेळ अर्ध्या तासाचा, म्हणजे गोलांची अपेक्षा एकतृतीयांश. तेवढ्या वेळात पुन्हा बरोबरीच राहण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, सुमारे ५३ टक्के. तिथून पुढे पेनल्टी शूटआउट, आणि तिथे दोघांना सारखीच संधी धरली तर फार चूक होत नाही. हे सगळं जोडलं की पहिल्या संघाच्या हाती चषक लागण्याची शक्यता ५८ टक्के येते, दुसऱ्याच्या ४२. नव्वद मिनिटांचे ४३ आणि चषकाचे ५८, दोन्ही आकडे त्याच संघाचे. वाद होतात ते इथेच. एक जण नव्वद मिनिटांचं बोलत असतो, दुसरा चषकाचं, आणि दोघांनाही समोरचा मूर्ख वाटतो.

जादा वेळ ही काही क्वचितची गोष्ट नाही. १९५० ला रूढ अर्थाने अंतिम सामना नव्हता, साखळीतला शेवटचा सामना होता. तो सोडला तर १९३० ते २०२२ या काळात विश्वचषकाचे २१ अंतिम सामने झाले, आणि त्यांतले ८ नव्वद मिनिटांत मिटले नाहीत. २००६ पासूनच्या पाचांत तर २०१८ वगळता चारही लांबले. म्हणून हापिसात किंवा मंडळात अंदाजाच्या चिठ्ठ्या गोळा करणार असाल, तर पहिला नियम ठळक अक्षरांत लिहा : स्कोअर कितव्या मिनिटाचा धरायचा? १८ डिसेंबर २०२२ ला कतारमधल्या लुसैलमध्ये, अर्जेंटिना-फ्रान्स फायनलला काय झालं ते आठवा. नव्वद मिनिटांनंतर २-२. एकशे वीस मिनिटांनंतर ३-३. शूटआउट ४-२. आता एका चिठ्ठीवर ‘२-२’, दुसरीवर ‘३-३’ आणि तिसरीवर ‘अर्जेंटिना ४-२’ असेल, तर तिघेही वर्गणीच्या डब्यावर हात ठेवतील आणि तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असेल. अधिकृत नोंद ३-३ बरोबरी, अर्जेंटिना पेनल्टींवर विजयी, अशी असते. शूटआउटमधले गोल स्कोअरमध्ये धरत नाहीत. हे आधी ठरवलं नाही तर सामना संपल्यावर भांडण पेटतं आणि मेस्सीने चषक उचललेला क्षण त्या भांडणात वाहून जातो. याहून मोठं नुकसान ते कोणतं?

दुसरा नियम चिठ्ठी कधी बंद करायची याचा. अकरा नावांची यादी सामन्याच्या तास-सव्वा तास आधी जाहीर होते, आणि कधीकधी आठवडाभराचा अभ्यास त्या एका कागदाने उलटा होतो. १२ जुलै १९९८ ला, ब्राझील-फ्रान्स विश्वचषक फायनलला, पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्समध्ये ब्राझीलची जी पहिली यादी आली, तिच्यात रोनाल्डोचं नावच नव्हतं. त्याच्या जागी एदमुंदो होता. दुपारी हॉटेलवर रोनाल्डोला आकडीचा झटका आला होता, त्याला तपासणीसाठी हलवलं होतं. थोड्या वेळाने दुसरी यादी आली आणि तिच्यात तो परत होता. मैदानात उतरलेला रोनाल्डो स्वतःची सावली होता. फ्रान्सच्या झिदानने पूर्वार्धातच दोन कॉर्नरवर दोन हेडर मारले, शेवटी पेतीने तिसरा गोल केला, ३-०. त्या दोन याद्यांच्या मधल्या वेळात ज्याने स्वतःला विचारलं असेल, की ज्याला सकाळी खेळता येईल असं सगळे धरून चालले होते तो संध्याकाळी का वगळला गेला, त्याला उत्तर माहीत नसेल, पण आपल्या आकड्यातून दहा टक्के खाली उतरवण्याइतकं कारण त्याच्या हातात होतं. ज्याने सकाळीच ‘ब्राझील’ लिहून पाकीट चिकटवलं, त्याच्याकडे ते नव्हतं.

लुसैललाही कागदाने सांगितलं होतं. अर्जेंटिनाचा आंखेल दि मारिया बाद फेरीत जवळजवळ खेळलाच नव्हता, आणि फायनलला तो पहिल्या अकरांत आला. तोही नेहमीच्या उजव्या बाजूला नव्हे, डावीकडे, फ्रान्सच्या उजव्या कडेवर. तिथे बचावाला मदत करायची जबाबदारी उस्मान देंबेलेवर होती, आणि मागे येऊन रोखणं हे काही देंबेलेचं काम नव्हे. एकविसाव्या मिनिटाला देंबेलेच्या पायाला अडखळून दि मारिया पडला, पेनल्टी, २३ व्या मिनिटाला मेस्सीचा गोल. छत्तिसाव्या मिनिटाला स्वतः दि मारियाचा. एक्केचाळिसाव्या मिनिटाला फ्रान्सच्या प्रशिक्षकाने देंबेले आणि जिरू या दोघांनाही बाहेर बोलावलं. त्यात फ्रान्सच्या तळावर आठवडाभर सर्दीतापाचा विषाणू फिरत होता. या सगळ्या गोष्टी सामन्याआधी कळण्यासारख्या होत्या. आणि तरीही ८० आणि ८१ व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेने सगळ्या जाणकारांची वही फाडली. एकशे वीस मिनिटं उलटल्यावर फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलसमोर होता आणि अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्तिनेस याने डावा पाय ताणून तो चेंडू अडवला. तो पाय चार बोटं आखूड पडला असता, तर अर्जेंटिनाचा अंदाज अगदी त्याच कारणांनी देणारा माणूस चुकीचा ठरला असता.

त्याची कारणं मात्र तशीच बरोबर राहिली असती.

कारणांऐवजी खुणा शोधणारे चाहतेही खूप असतात, आणि खुणांना एक मोह असतो हे कबूल करायला हवं. १९५० ते १९६६ या पाच विश्वचषकांत निर्णायक सामन्यात पहिला गोल करणारा संघ प्रत्येक वेळी हरला. ब्राझील, हंगेरी, स्वीडन, चेकोस्लोव्हाकिया, पश्चिम जर्मनी. ओळीने पाच! तेव्हा कुणी म्हणालं असतं की पहिला गोल अपशकुनी, तर त्याला काय उत्तर दिलं असतं? १९७४ ला नेदरलँड्सने जर्मन खेळाडूंचा पाय चेंडूला लागण्याआधीच पेनल्टी मिळवून गोल केला आणि तेही हरले. पण त्यानंतर २०२२ पर्यंत पहिला गोल करून हरलेला संघ एकच, २००६ चा फ्रान्स. खूण होती तशी विरून गेली. ‘युरोपचा संघ अमेरिका खंडात जिंकत नाही’ हे सूत्रही असंच. १९३० पासून सात स्पर्धांत ते टिकलं, आणि २०१४ ला माराकानावरच ११३ व्या मिनिटाला जर्मनीच्या मारिओ ग्योत्झेने ते संपवलं. सात ही संख्या बोलायला मोठी वाटते, नियम बांधायला फार लहान आहे. एखाद्या खुणेमागे कारण दाखवता आलं, जसं लांबचा प्रवास, हवा, उंची, तर तिला थोडं वजन द्यावं. कारण नसेल तर ती गोष्ट म्हणून सांगावी, अंदाजात घालू नये.

याच्या उलट कधीकधी खूण समोर पडलेली असते आणि कुणी उचलत नाही. २००४ च्या युरो स्पर्धेत पहिल्याच सामन्यात ग्रीसने यजमान पोर्तुगालला २-१ हरवलं. सगळ्यांनी तो अपघात मानला. मग ग्रीसने बाद फेरीत फ्रान्सला १-० आणि चेक प्रजासत्ताकाला १-० असं काढलं. एकही गोल खाल्ला नाही, आणि दोन्ही गोल डोक्याने. ४ जुलैच्या रात्री लिस्बनमध्ये पुन्हा पोर्तुगाल समोर होता, आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती, आणि गोव्यापासून लिस्बनपर्यंत सगळ्यांना पोर्तुगालच हवा होता. सत्तावन्नाव्या मिनिटाला कॉर्नर, खारिस्तेआसचं हेडर, १-०. पुन्हा डोक्याने, पुन्हा एकच गोल, पुन्हा समोरचा शून्यावर. ग्रीस जिंकेलच असं आधी कुणी म्हणायला हवं होतं, असं माझं म्हणणं नाही. पण ‘जिंकला तर असाच जिंकेल’ हे आधी सांगता येत होतं. चांगल्या अंदाजाला मी हेच मानतो. नुसतं नाव नव्हे, वाटही सांगायची. ती वाट सांगितली की सामना बघताना डोळे कुठे लावायचे हे कळतं. प्रत्येक कॉर्नरला पोटात गोळा येतो आणि त्या गोळ्याला अर्थ असतो.

आता मनाचा भाग. स्वतःचा संघ फायनलला असला की चाहते दोन प्रकारे वागतात. एक तो, जो आठ दिवस आधीपासून ‘आपणच’ म्हणत फिरतो. दुसरा तो, ज्याच्या तोंडून जिंकण्याचा शब्द निघत नाही. ‘दृष्ट लागेल’, ‘तोंडातून काढू नकोस’. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी लहानपणापासून सांगितलेलं असतं की वास्तू तथास्तु म्हणते, पण या माणसाला तिच्यावरही भरवसा नसतो. तो मुद्दाम समोरच्या संघाचं नाव घेतो. हरलो तर ‘मी म्हणालोच होतो’ एवढा आधार हाताशी राहतो, जिंकलो तर चुकल्याचा आनंद मावत नाही. पहिल्याचा अंदाज आशेतून येतो, दुसऱ्याचा भीतीतून, आणि दोघांनीही समोरच्या संघाचा बचाव नीट पाहिलेला नसतो. यावर एक उपाय खरोखर चालतो. प्रत्येकाने दोन चिठ्ठ्या लिहायच्या. एकीवर ‘मला काय हवंय’, दुसरीवर ‘मला काय वाटतं’. पहिली उघडपणे भिंतीवर लावायची, दुसरी पाकिटात. मन एकदा मोकळं झालं की दुसऱ्या चिठ्ठीवरचा हात बराच खरं लिहितो. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव आलं तर थोडं थांबावं, आणि समोरचा संघ जिंकेल याची तीन कारणं लिहून काढावीत. तीन सुचत नसतील तर सामना अजून नीट पाहिलेला नाही.

२०१० च्या विश्वचषकात सगळं जग ज्याच्या पाठी लागलं, त्या पॉल ऑक्टोपसचाही हिशोब यात बसतो. जर्मनीतल्या ओबरहाऊसेनच्या मत्स्यालयात दोन पारदर्शक डबे पाण्यात सोडायचे, प्रत्येकावर एक झेंडा, आत एक शिंपला, आणि तो आधी ज्याचं झाकण उघडेल तो विजेता. आठपैकी आठ बरोबर, नेदरलँड्सविरुद्धच्या स्पेनच्या फायनलसकट. नाणं आठदा उडवून आठही वेळा बरोबर येण्याची शक्यता २५६ मध्ये एक. पण जगभरात तेव्हा किती प्राणी-पक्ष्यांसमोर झेंडे मांडले होते, आणि चुकलेल्यांची नावं कुणाला आठवतात? त्याआधी २००८ च्या युरोमध्ये याच पॉलने सहाही वेळा जर्मनीचाच डबा उघडला होता आणि दोनदा चुकला. त्यांतली एक चूक फायनलची, जी स्पेनने जिंकली. दरवेळी घरच्याच झेंड्याकडे जाणं हे त्या सहा वेळा आपल्या सगळ्यांसारखंच होतं.

नुसतं नाव लिहिण्याऐवजी टक्के लिहायची पद्धत सुरू केली तर गुण कसे द्यायचे? यासाठी हवामान खात्याच्या लोकांकडे एक सुरेख सूत्र आहे. पाऊस पडेल का याचे टक्क्यांतले अंदाज तपासण्यासाठी ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने ते मांडलं. टक्के दशांशात लिहा, प्रत्यक्ष घडलं तर १, नाही तर ०, दोघांमधल्या फरकाचा वर्ग करा. जितका कमी तितकं चांगलं. अर्जेंटिना ७० टक्के म्हणालात आणि ती जिंकली, तर फरक ०.३, दंड ०.०९. हरली तर फरक ०.७, दंड ०.४९. ५५ टक्के म्हणालात तर जिंकल्यावर सुमारे ०.२०, हरल्यावर ०.३०. आणि शंभर टक्के म्हणून चुकलात तर पुरता १, याहून मोठी शिक्षा या सूत्रात नाही. एका फायनलवरून कुणाचीही परीक्षा होत नाही. उपउपांत्य फेरीपासूनच्या सगळ्या सामन्यांचे दंड बेरजेत धरा. दर वेळी ५० लिहिणारा भित्राही पुढे जात नाही आणि दर वेळी १०० लिहिणारा शूरही नाही, कारण ज्याला जेवढं कळतं तेवढंच लिहिणाऱ्याला हे सूत्र झुकतं माप देतं. ब्रायरचा हा निबंध प्रसिद्ध झाला जानेवारी १९५० मध्ये. ‘ओ मुंदो’ची ती ओळ छापली जाण्याच्या सहा महिने आधी.

त्या दुपारी ती ओळ एकट्या वर्तमानपत्राने लिहिली नव्हती. रिओच्या महापौरांनी सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून ब्राझीलच्या खेळाडूंना विजेते म्हणूनच संबोधलं. फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांनी पोर्तुगीजमध्ये अभिनंदनाचं भाषण तयार करून खिशात ठेवलं होतं. बाजारात तुरी अजून आल्याही नव्हत्या. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला ब्राझीलच्या फ्रियासाने गोल केला, आणि व्हारेलाने चेंडू काखेत मारून इंग्रज पंचांशी ऑफसाइडवरून वाद घातला, दुभाषा मागितला, वेळ घेतला, गर्दीचा आवाज उतरेपर्यंत. सहासष्टाव्या मिनिटाला उजवीकडून उरुग्वेचा आल्सिदेस गिज्जिया निसटला, त्याने चेंडू मागे आत दिला आणि स्कियाफिनोने बरोबरी केली. बरोबरीही ब्राझीलला पुरणार होती. रिमे भाषण घेऊन जिना उतरू लागले.

७९ वं मिनिट. गिज्जिया पुन्हा तिथूनच निसटला. त्याच कडेवरून, तसाच. ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा याने तेरा मिनिटांपूर्वीचं पाहिलं होतं. मध्यभागी माणसं धावत येत होती. चेंडू आत येणार, हा अंदाज जगातल्या कुठल्याही गोलरक्षकाने केला असता. बार्बोसा जवळच्या खांबापासून पाऊलभर पुढे सरकला. गिज्जियाने चेंडू त्या पाऊलभर जागेतून, खांब आणि बार्बोसा यांच्या मधून मारला.

रिमे खाली पोचले तेव्हा सगळं स्टेडियम गप्प होतं. बार्बोसा २००० साली गेला. ब्राझीलमध्ये सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, मी पन्नास वर्षं भोगतोय, असं तो अखेरीस म्हणत असे. त्या एका पावलाची कारणं इतक्या वर्षांत कितीदा तपासली, तरी ती बरोबरच निघतात.

आणि व्हारेला त्या रात्री हॉटेलात थांबला नाही. संघाचे अधिकारी विजय साजरा करत होते, आणि हा रिओतल्या दारूच्या गुत्त्यांत जाऊन बसला. भोवती सकाळी ‘लिहून घे’ म्हणणारी माणसं होती, टेबलावर डोकं टेकून रडत होती. त्यांनी त्याला ओळखलं. कुणी अंगावर धावून आलं नाही. कुणीतरी मिठी मारली, कुणीतरी पेला भरला, आणि उजाडेपर्यंत तो त्यांच्याबरोबर पीत राहिला.